छातीवरचा ध्वज आणि कारखान्याची वर्दी

दर वर्षी डिसेंबर उजाडला की जिल्हाधिकारी कचेरीपासून तलाठ्याच्या चावडीपर्यंत एक परिचित लगबग सुरू होते. सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीचे इष्टांक वाटून दिले जातात, पावतीपुस्तके फिरू लागतात, आणि लाल, गडद निळा व फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे कागदी ध्वज टाचण्यांसह शाळांतून व सरकारी दफ्तरांतून दिसू लागतात. हे तीन रंग भूदल, नौदल आणि वायुदल या तीन दलांचे. १९४९ सालच्या ऑगस्टात संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ७ डिसेंबर हा दिवस या कामासाठी मुक्रर केला. त्यामागची कल्पना साधी होती: नागरिकाने यथाशक्ति द्रव्य द्यावे, ते युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांना, जायबंदी झालेल्यांना आणि माजी सैनिकांना पोहोचावे, आणि दिल्याची खूण म्हणून एक ध्वज छातीवर लावावा.

परंतु पिंपरीपासून भोसरी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी असा चाकणपर्यंत पसरलेला जो आपला कारखान्यांचा मुलूख, त्याच्या फाटकाशी येऊन हा ध्वज पुष्कळदा अडतो. अडवणारा कोणी देशद्रोही नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. कारण हल्ली अशा गोष्टीचे छायाचित्र मोबाइलवर फिरू लागले की अर्ध्या घटकेत निवाडाही होऊन जातो. नियम असतो तो टाचणीविषयी, आणि त्याला सबळ कारण असते. मोटारींना रंग देण्याच्या विभागात, ज्याला कामगार पेंट शॉप म्हणतात तेथे, शिरण्यापूर्वी माणसाला अंगावरचे जवळजवळ सर्व बाहेर ठेवावे लागते. कपडा असा की त्याचा तंतू सुटू नये, आणि केसांना लावायच्या काही क्रीमांत किंवा अंगावर फवारायच्या सुगंधांत सिलिकोन नावाचे जे द्रव्य असते त्याचा लेश जरी हवेत गेला तरी ओल्या रंगावर बारीक खळगे पडतात, म्हणून त्यांनाही तेथे मनाई. पुढे जुळणीच्या लाइनवर शर्टाची बटणे पट्टीखाली झाकलेली, कमरपट्ट्याच्या बकलावर कापडी आच्छादन, बोटातली अंगठी काढलेली नाहीतर तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि घड्याळ लॉकरमध्ये. दरवाज्याच्या पोकळीत पडलेली एक टाचणी पुढे गिऱ्हाइकाच्या कानाशी वर्षभर खुळखुळत राहते, आणि ती काढण्यासाठी आतले अस्तर उसकटावे लागते. फिरत्या यंत्रापाशी तर प्रश्न जिवाचाच असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने चालू यंत्र तपासणाऱ्या कामगाराने अंगाबरोबर बसणारेच कपडे घालावेत असे २२ व्या कलमात सांगितले, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत अशीही तजवीज करून ठेवली, ती उगाच नव्हे.

या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी उमेदीची बरीच वर्षे गेली. तेथे पहारेकऱ्यांत एक माजी हवालदार होते; पण खेड-जुन्नरकडे फौजेतून आलेल्या माणसाला सारा गाव मेजरच म्हणतो, त्यामुळे कारखान्यातही ते मेजरच झाले. एका ध्वजदिनी पहिल्या पाळीच्या बसगाड्या आल्या, आणि कॉलनीतल्या शाळकरी मुलांनी वाटेत थांबवून विकलेले ध्वज छातीवर लावून पन्नासएक तरुण फाटकात शिरले. मेजरनी सर्वांना बाजूला उभे केले आणि टाचण्या काढून द्यायला सांगितले. एक ट्रेनी पोरगा, नुकताच आयटीआय करून आलेला, जरा चढ्या आवाजात म्हणाला, “मेजर, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर समजलो असतो. तुम्हीच काढायला लावता?” मेजर म्हणाले, “पलटणीत असतास तर काढायलाच नव्हे, लावायलाही हुकूम लागला असता, बाबा. ड्यूटीच्या कपड्यावर हुकमाबाहेरचं काही चढत नाही.” मग त्यांनी कॅबिनमधून थर्मोकोलचा एक तुकडा आणला, त्यावर प्रत्येकाकडून त्याचा ध्वज टोचून घेतला, आणि सुटीच्या भोंग्यानंतर घेऊन जा म्हणून सांगितले.

पोशाखाचे नियम आणि सैनिकांविषयीची ममता यांचा तंटा माजतो तेव्हा ज्याच्या नावाने तो माजतो त्या सैनिकाचे या विषयावरील मत कोणी विचारीत नाही, हे मेजरच्या उत्तराने मला प्रथम उमगले. गणवेशावर कोणती पट्टी कोणत्या क्रमाने लागावी, कोणते पदक कोणत्या दिवशी मिरवावे, दिवंगत नातलगाची पदके डाव्या नव्हे तर उजव्या छातीवर लावावीत, याविषयी सैन्याइतका कडक दस्तुर दुसऱ्या कोणत्याही संस्थेत नसेल. किंबहुना सैनिकाच्या चिन्हांचे मोल त्या कडकपणातूनच आलेले आहे. जे चिन्ह कोणीही केव्हाही कोठेही लावू शकतो, ते पाहून सलाम ठोकण्याचे कारण काय?

या तंट्याचा सर्वांत गाजलेला खटला क्रिकेटच्या मैदानावर झाला. आणि क्रिकेटपटूचे मैदान हेही अखेर त्याचे कामाचेच ठिकाण. २०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामाचा दहशतवादी हल्ला घडला. ८ मार्चला रांची येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात आपला सारा संघ लष्करी छापाच्या टोप्या घालून उतरला आणि खेळाडूंनी त्या सामन्याचे मानधन राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. पाकिस्तानने तक्रार गुदरली. परंतु आपल्या क्रिकेट मंडळाने आधीच अर्ज करून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची परवानगी घेतलेली होती, सबब ती तक्रार टिकली नाही. त्यानंतर तीन महिनेही लोटले नव्हते, तोच ५ जूनला साउदॅम्प्टन येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात महेंद्रसिंग धोनी यांच्या यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांवर पॅराशूट रेजिमेंटच्या कमांडोंचे खंजिराचे ‘बलिदान’ चिन्ह दिसले. धोनी हे २०११ पासून प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल, पॅराशूट रेजिमेंटशी संलग्न; तेव्हा चिन्हाविषयीची त्यांची निष्ठा नाटकी नव्हती. परिषदेने मात्र कपड्यांवर वा साधनांवर वैयक्तिक संदेश वा चिन्ह चालत नाही असे कळविले, मंडळाची मागाहून आलेली विनंती अमान्य केली, आणि ९ जूनला ओव्हलवर धोनी साधे हातमोजे घालून यष्टीमागे उभे राहिले. त्या चार दिवसांत आपल्याकडील वाहिन्यांवर जो गदारोळ उठला त्यात धोनी यांचा स्वतःचा आवाज कोठेच नव्हता.

टोपीला मुभा आणि हातमोज्याला मनाई हा दुटप्पीपणा आहे, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. मला तसे वाटत नाही. टोपीच्या वेळी अर्ज आधी झाला होता, दिवस एकच होता, सर्वांनी एकत्र केले होते, आणि मुख्य म्हणजे टोपीमागे पैसा होता. हातमोज्याच्या वेळी यांपैकी काहीच नव्हते. विलायतेत फुटबॉलच्या संघांनी २०१६ च्या नोव्हेंबरात दंडावर युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचे खसखशीचे लाल फूल लावले, तेव्हा त्यांच्या जागतिक महासंघाने इंग्लंडला पंचेचाळीस हजार आणि स्कॉटलंडला वीस हजार स्विस फ्रँक दंड केला, आणि पुढच्याच वर्षी नियम सैल केला. म्हणजे हा प्रश्न आपल्याच देशभक्तीला डिवचण्यासाठी कोणी उकरून काढलेला नाही.

आता आपल्या पट्ट्यातल्या खऱ्या अडचणीकडे वळू. येथे कामगाराच्या छातीवर किंवा दंडावर लागणारी सर्वांत जुनी खूण ध्वजाची नव्हे, काळ्या फितीची आहे. करार रखडला, बोनस कापला, सहकाऱ्याला कामावरून कमी केले, की संप पुकारण्यापूर्वीची पायरी म्हणून काळ्या फिती लावून काम करायचे, ही रीत कामगारांनी, शिक्षकांनी, एसटीवाल्यांनी आणि तलाठ्यांनीही पाळलेली आहे. यंत्र चालूच असते आणि उत्पादन पडत नाही; रोष मात्र दिसतो. हिला मनाई करताना व्यवस्थापन नेमका कोणता नियम पुढे करते? तोच, वर्दीवर अन्य काही लावू नये हा. समजा, उद्या एखाद्या भावनाप्रधान साहेबाने ७ डिसेंबरला तो शिथिल केला आणि ८ डिसेंबरला काळी फीत दिसताच त्याच्याच आधारे जाबजबाब मागितला, तर तो नियम टाचणीविषयी उरला नाही, मताविषयीचा झाला. कोणती खूण पवित्र आणि कोणती उपद्रवी हे सुपरवायझरने ठरवावयाचे, अशी सत्ता आपण त्याच्या हाती देणार काय? ती सत्ता एकदा ध्वजाच्या निमित्ताने दिली की पुढे तिच्याच जोरावर ध्वज न लावणाऱ्यालाही बाजूला उभे करून कारण विचारले जाईल. आणि सक्तीने लावलेल्या ध्वजाइतके केविलवाणे निशाण दुसरे नाही. म्हणून माझ्या मते नियम आंधळाच असावा. यंत्रापाशी कोणाच्याही छातीवर काही नको. यंत्रापासून दूर, कँटीनमध्ये, फाटकाबाहेर, बसमध्ये, ज्याला जे लावायचे ते लावू द्यावे.

पण आंधळा नियम साहेबाच्या बाजूलाही आंधळाच हवा, आणि तसे क्वचितच घडते. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आवारात ध्वजारोहण होते, तेव्हा वर्दीवर तिरंगी खूण लावून कामगारांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढली जातात आणि ती कंपनीच्या वार्षिक अहवालात झळकतात. त्या दिवशी टाचणीचे भय कोठे जाते कोण जाणे. उद्योगांना सैनिकांच्या तेजाचा थोडा अंश आपल्या मालाला लागलेला हवाच असतो. मोडीत निघालेल्या विक्रांत या युद्धनौकेचे पोलाद विकत घेऊन आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०१६ मध्ये एक मोटारसायकलच काढली, आणि गिऱ्हाइकांनी ती आवडीने घेतली. त्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. उलट नौकेचे भंगार सळ्या होऊन बेनाम जाण्यापेक्षा हे बरेच झाले. पण ज्या उद्योगविश्वाला ही ममता विकता येते, त्याने तिचे मोलही कोठेतरी चुकते करायला हवे. आपल्या फाटकांवर उभे असलेले कितीतरी पहारेकरी माजी सैनिक आहेत. २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या कायद्याने पहारेकऱ्याला सैन्यासारखा पोशाख घालण्यास बंदी केली, ती रास्तच आहे. परंतु ज्याने पंधरा-सतरा वर्षे खरा गणवेश अंगावर वागवला, त्याला कंत्राटदाराची निकृष्ट वर्दी चढवून बारा-बारा तास उभे करायचे, आणि ध्वजदिनी मात्र त्याच्याच दलाच्या नावाने फलक लावायचा, हा व्यवहार कोणत्या कलमात बसतो?

शिवाय हा सारा मुलूख सैन्याला अपरिचित नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पाळीच्या बसगाड्या दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लांबच लांब भिंतीला घासून जातात. एका अंगाला खडकीचा दारूगोळा कारखाना, दुसऱ्या अंगाला देहूरोडची छावणी. खडकीतच पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. ध्वजदिनाच्या निधीतून ज्या संस्थांना अनुदान मिळते त्यांत हे केंद्र आहे. म्हणजे पिंपरीच्या कामगाराने दिलेले दहा रुपये फिरून पुन्हा त्याच्याच बसच्या वाटेवर येऊन पोहोचतात. तेथल्या चाकाच्या खुर्चीवरल्या जवानाला आपण छातीवर काय लावले होते याच्याशी कर्तव्य नाही. खुर्चीचे चाक फिरते की नाही, याच्याशी आहे.

तेव्हा कारखानदारांना आणि युनियनच्या पुढाऱ्यांनाही एकच सुचवावेसे वाटते. येत्या ७ डिसेंबरला टाचणीवरून वाद घालू नका. टाइम ऑफिसच्या खिडकीशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा एक मोहोरबंद डबा ठेवा, कामगारांनी जमविलेल्या रकमेइतकी रक्कम कंपनीने त्यात घालावी असा ठराव आधीच करून घ्या, आणि जमलेला एकूण आकडा फाटकावरल्या फळ्यावर लिहा. या देणगीला प्राप्तिकरात सवलत आहे, तेव्हा कंपनीच्या हिशेबनिसानेही कुरकुर करू नये. आणि पावती मात्र मागून घ्या.