प्रमाणे अनेक, पाठ मात्र एकच

शाळेतील मुलास ‘विज्ञानाची पद्धत कोणती?’ असे विचारावे, की तो चार पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवितो: निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. परीक्षेत त्यास पैकीच्या पैकी गुण मिळतात. आम्हांस मात्र खेद होतो. अर्थ न जाणता केलेल्या आचमनासारखे हे उत्तर पाठ झालेले असते. शिवाय ते अपुरे असते.

निदान हुबळी-धारवाडच्या शाळांनी तरी ही चूक करू नये. आपल्या प्रदेशातील खडक जगभरच्या भूशास्त्रात ‘धारवाड’ या नावाने ओळखले जातात. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते नाव रूढ केले. अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या या खडकांची घडण पुन्हा करून कोण दाखविणार? भूशास्त्रज्ञ थरांचा क्रम लावतो, स्फटिकातील किती युरेनियमचे शिसे झाले ते मोजतो, आणि न्यायाधीशाप्रमाणे उरलेल्या पुराव्यावरून निवाडा देतो.

नरगुंद येथे १८५४ साली जन्मलेल्या वेंकटेश बापूजी केतकरांनी ग्रहगणित शुद्ध केले. त्यांनी कोणत्या ग्रहावर प्रयोग केला? गणिताने ग्रहाचे स्थान वर्तवावे आणि खरेखोटे आकाशाने ठरवावे, ही त्यांची रीत. गोव्याच्या दामोदर कोसंबींनी प्राचीन आहत नाणी एकेक करून तोलली. वापराने नाणे झिजते, एवढ्या साध्या गोष्टीवरून संख्याशास्त्राच्या आधारे त्यांनी नाण्यांचा काळक्रम शोधला. धारवाडच्याच कृषिसंशोधन केंद्रात डॉ. कटरकी यांनी कापसाच्या दोन भिन्न जातींचा संकर करून १९७२ साली ‘वरलक्ष्मी’ वाण दिले. येथे प्रयोग आहे, परंतु तो काचनळीतला नव्हे, शेतातला. शेताच्या कोपऱ्याकोपऱ्यास माती बदलते; म्हणून एकच वाण अनेक वाफ्यांत लावून ताडून पाहावे लागते.

यावर कोणी म्हणेल, ‘कोवळ्या मुलांस इतका पसारा कशाला? एक सोपी रीत पुरे.’ आमचे उत्तर असे की, या सोपेपणाची किंमत मुलेच मोजतात. चार पायऱ्यांत जे बसत नाही ते विज्ञान नव्हे, असे मानणारा विद्यार्थी उत्क्रांतीस ‘नुसती कल्पना’ म्हणून झिडकारतो. उलट, ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ एवढे शब्द ज्यावर छापले आहेत, त्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. कारण कसे सिद्ध केले, हे विचारावयास त्यास कोणी शिकविलेलेच नसते.

आणि दोष केवळ शाळांचा नाही. आपल्याच मंडळीत हल्ली प्रत्येक आचारास ‘शास्त्रीय’ ठरविण्याची घाई झाली आहे. एकाच पंचांगात ग्रहणाची वेळ असते आणि ग्रहणाचे राशिफळही असते. पहिलीची परीक्षा दर ग्रहणास उघड्या आकाशात होते. दुसरे अशा परीक्षेस कधी बसतच नाही. हा भेद मुलास कळलाच पाहिजे. त्याने श्रद्धेस बाध येत नाही. श्रद्धेने विज्ञानाची उसनी शाल पांघरावी, यातच तिची अप्रतिष्ठा आहे.

पद्धती अनेक म्हणजे वाटेल ते चालेल, असा याचा अर्थ नव्हे. मार्ग निरनिराळे असले तरी दंडक एकच: आपले विधान चुकीचे ठरू शकेल अशा कसोटीस ते लावण्याची तयारी हवी. हे आपल्यास परके वाटू नये. न्यायदर्शनाने चार प्रमाणे मानली, मध्वमताने तीन, अद्वैताने सहा. आणि कोणते प्रमाण कोठे चालते यावर आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके वाद घातला. त्यांच्या वंशजांनी मुलांस एकच पाठ घोकावयास लावावा, हे शोभत नाही.

खर्च फारसा नाही. एक दिवस मुलांस खडकांपाशी न्यावे, एक दिवस कृषी विद्यापीठाच्या शेतांत. आणि येत्या चंद्रग्रहणाच्या रात्री देवळाच्या अंगणात पंचांग व घड्याळ घेऊन त्यांस बसवावे. स्पर्शाची वेळ त्यांनी स्वतः टिपावी. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न त्या अंगणात उमटला, तर देवास तो खचितच अप्रिय होणार नाही.