पंधरा दिवस

जिल्ह्याच्या परवाना प्राधिकाऱ्यांस,

आम्ही या जिल्ह्यातले नेमबाज. काही परवानाधारक, काही परवान्याच्या प्रतीक्षेत. हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली.

हाती बंदूक असणाऱ्यांनी इशारा द्यायचा, तर शब्द मोजून वापरावे लागतात. म्हणून आधीच सांगतो. यापुढचे आमचे प्रत्येक पाऊल कायद्यातले असेल. तेच तुम्हाला जड जाईल.

परवाने सैल करा, असे आम्ही कधीच म्हटले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली. आमच्यातल्या ज्येष्ठांनी वडिलोपार्जित बंदुका जमा केल्या. वरातीत गोळीबार करणाऱ्याला कैदेची तरतूद झाली. आम्ही स्वागत केले.

कायदा आम्ही पाळला. आता तुमची पाळी.

शस्त्र नियम २०१६ सांगतात : पोलीस अहवाल ३० दिवसांत, त्यानंतर ६० दिवसांत निर्णय. अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता आदेश काढण्याची मुभा शस्त्र कायद्याचे कलम १३ देते.

तुम्ही ती वापरत नाही. विचारले की उत्तर ठरलेले : साहेब बंदोबस्तात आहेत.

चौकशीत विचारतात, जिवाला धोका कोणाकडून? स्पर्धेसाठी पॉइंट २२ रायफल मागणाऱ्या मुलीला हा प्रश्न. ती कागदी लक्ष्यावर नेम धरते. कागदाकडून धोका नाही, असे लिहून द्यायचे का? नेमबाजांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्या वाचल्या जाव्यात, एवढीच अपेक्षा होती.

निवडणूक आली की सरसकट जमा. प्रत्येक प्रकरण तपासून ठरवा, असे मुंबई उच्च न्यायालय गोव्यातल्या प्रकरणात सांगून बसले आहे. तरीही रायफल मुद्देमालाच्या खोलीत, दारूच्या कॅनशेजारी, तेलाविना उभी राहते. परत मिळते तेव्हा नळीत गंज, साइटचे स्क्रू ढिले. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. गंजलेल्या नळीने ते गाठून दाखवावे.

१ ऑगस्ट २०२४. स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले. अभिनंदनाचे संदेश निघाले. त्याच प्रकारची रायफल मागणारे अर्ज त्या दिवशीही तुमच्या टेबलावर होते.

नकार द्यायचा तर द्या. पण लेखी द्या. कलम १४ नुसार कारणे नोंदवा. लेखी नकारावर अपील करता येते. तुमच्या गप्प बसण्यावर येत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, असे आम्ही आता धरून चालतो.

आजपासून पंधरा दिवस. प्रत्येक प्रलंबित अर्जावर आदेश हवा. मंजूर किंवा नामंजूर.

सोळाव्या दिवशी उच्च न्यायालय. प्रत्येक फाइलची स्वतंत्र याचिका. वकीलपत्रांवर सह्या झाल्या आहेत.

त्याच दिवशी, नूतनीकरण अडलेले आम्ही सगळे शस्त्रे जमा करायला येऊ. एकाच वेळी. प्रत्येक शस्त्राचा क्रमांक नोंदवावा लागेल. प्रत्येक काडतूस मोजावे लागेल. प्रत्येकाला पावती द्यावी लागेल. तोंडी काही चालणार नाही.

रांग लांब असेल. न हलता उभे राहणे हा आमचा सराव आहे.

हे पत्र आवक विभागात दिले आहे. पोच आमच्याकडे आहे.