अर्जातला वडिलांचा रकाना

(द्वितीय वर्ष, कला)

पदवी ही नोकरीची गुरुकिल्ली आहे, असे आमच्या आधीच्या पिढीला सांगण्यात आले. आमच्या पिढीला आता दुसरीच किल्ली दाखवण्यात येते. तिचे नाव रेझ्युमे! व्याख्याते येतात, फळ्यावर मुद्दे लिहितात आणि 'तुमचा रेझ्युमे काळाप्रमाणे बदला' असा उपदेश करून चहा घेऊन निघून जातात. उपदेश खोटा नाही. परंतु नेमके काय बदलायचे आणि का, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटाचा एक साचा तयारच असतो. संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, वडिलांचा व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' अशी ग्वाही. वडिलांच्या व्यवसायापुढे दुकानदार बहुधा न विचारताच 'शेती' असे टाइप करतो. हमाली, गवंडीकाम, ऊसतोड हे शब्द कागदावर बरे दिसत नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे आमच्या वर्गातील कितीतरी भूमिहीन पालक कागदोपत्री शेतकरी झाले आहेत! माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यांच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही. तेव्हा 'वरील माहिती खरी आहे' या ग्वाहीखाली सही कोणत्या तोंडाने करायची?

पण खरा प्रश्न त्याच्याही पलीकडचा आहे. काम मी करणार, मग वडील काय करतात हे मालकाला हवे कशाला? याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना साडेचार हजारांहून अधिक अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा! त्यांचा लेख २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. आपण केवळ गुणवत्ता पाहतो असे सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराला त्याची घरची पार्श्वभूमी हटकून विचारत होते. म्हणजे रकाना कागदावरून काढला तरी तो तोंडी शिल्लक राहतोच.

येथे एक भेद करायला हवा. सरकारी नोकरीच्या अर्जात प्रवर्ग लिहावाच लागतो आणि तो लिहिलाच पाहिजे. तेथे तो आरक्षणाचा हक्क मिळवून देतो. राज्यघटनेचे १६ वे कलम सार्वजनिक नोकरीत संधीची समानता देते. खासगी कंपनीच्या अर्जात मात्र धर्म-जात लिहून आपल्याला कोणताही हक्क मिळत नाही, मिळालाच तर धक्का मिळतो. 'वैवाहिक स्थिती'चेही तसेच. मुलींनी तो रकाना भरून स्वतःच्या हाताने प्रश्नांना आमंत्रण का द्यावे? माझ्या मते खासगी नोकरीच्या कागदावरून हे चार-पाच रकाने आजच खोडावेत.

आता यंत्राविषयी. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा आपला कागद आधी संगणक वाचतो. तो मजकूर सुटा करून शिक्षण, अनुभव, कौशल्य अशा खणांत टाकतो आणि जाहिरातीतले शब्द त्यात शोधतो. चौकटी, दोन स्तंभ, वेलबुट्टी यांनी त्याचा गोंधळ उडू शकतो. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेला कागद त्याला धड वाचता येईलच असे नाही, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या टंकातला मराठी अर्ज म्हणजे त्याच्या लेखी निरर्थक अक्षरांचा ढीग. तेव्हा कागद साधा, एका स्तंभाचा असावा, आणि जाहिरातीतले जे शब्द आपल्याला खरोखर लागू पडतात ते त्याच शब्दांत लिहावेत. बाकी 'आव्हानात्मक पदाच्या शोधात' हे दुकानदाराचे इंग्रजी वाक्य शंभर जणांच्या कागदावर असते. ते काढले तर कुणाचेच नुकसान नाही.

यंत्र जातपात मानत नाही, असे मात्र कोणी समजू नये. ॲमेझॉन कंपनीने अर्ज पारखणारे एक यंत्र प्रयोगादाखल बनवले होते. जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे होते, त्यांवरूनच ते शिकले, आणि 'महिलांचे' असा शब्द ज्या अर्जात असेल त्याला कमी लेखू लागले. ही बातमी २०१८ साली बाहेर आली. जे आपण शिकवू तेच ते शिकणार!

मग रकाने खोडून जी जागा मोकळी होते तेथे काय लिहायचे? 'आमच्याकडे अनुभव कुठे आहे?' असे मित्रमैत्रिणी म्हणतात. हे मला मान्य नाही. वडिलांच्या टोळीत नऊ जण आहेत. त्यांच्या हमालीचा आठवड्याचा हिशेब दोन वर्षे मी लिहिते. उचल वजा करते, खाडे धरते, आणि शनिवारी पैसे वाटताना भांडण होत नाही. ही हिशेबनिशी नव्हे काय? वर्गातली एक मुलगी आईबरोबर खानावळ चालवते, रोज चाळीस डब्यांची नोंद ठेवते. हे सारे आकड्यांसह लिहावे. वडिलांचा धंदा म्हणून नव्हे, आपले काम म्हणून.

यात महाविद्यालयालाही वाटा उचलता येईल. 'कमवा व शिका' योजनेतील विद्यार्थी ग्रंथालयात वर्षानुवर्षे पुस्तके लावतात, नोंदी करतात, संगणकात याद्या भरतात. शेवटी त्यांच्या हाती दाखला पडतो तो 'वर्तणूक चांगली' एवढाच. त्या दाखल्यावर किती महिने, कोणते काम, किती पुस्तकांची नोंद, या तीन ओळी वाढवाव्यात, अशी माझी प्राचार्यांना या अंकातून विनंती आहे. पुढच्या वर्षीचे दाखले अजून छापायचे आहेत.