तळ्याकाठून : स्ट्रायपर, लाटा आणि आपण

मागच्या अंकातला बागेतल्या शेवग्याचा लेख वाचून बऱ्याच जणींनी फोन केले. यंदा मात्र विषय पाण्यातला आहे. आपल्या अटलांटा परिसरातलं बहुतेक प्रत्येक मराठी घर उन्हाळ्यात एकदा तरी लेक लॅनियरवर जातं. कोणी पॉन्टून भाड्याने घेतं, कोणी काठावर कणसं भाजतं. गेली चार वर्षं आमच्या घरी मात्र या तळ्याची चर्चा होते ती एका माशावरून. त्याचं नाव स्ट्रायपर.

मी मूळची इंदापूरची. उजनीच्या पाण्याजवळ वाढले, भूगोलात एम.ए. केलं आणि इकडे येण्यापूर्वी सहा वर्षं शाळेत शिकवलं. त्यामुळे धरणाचं पाणी दिसलं की ते कुठून आलं, कुठे जातं आणि त्याखाली काय गेलं, हे प्रश्न आपोआप पडतात. लॅनियर हे नैसर्गिक तळं नाही. चॅटाहूची नदीवर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने ब्यूफर्ड धरण बांधलं, ते 1956 मध्ये पूर्ण झालं. पाण्याखाली शेतं गेली, रस्ते गेले, लोकांची घरं गेली. तळं भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 1,071 फूट असते आणि क्षेत्रफळ सुमारे 38,000 एकर. काठ इतका वेडावाकडा की तो जवळपास 690 मैल भरतो. 1996 च्या ऑलिंपिकमधल्या रोइंगच्या शर्यती इथेच झाल्या. आपल्यापैकी अनेकांच्या नळाला पाणीही इथलंच येतं. म्हणजे हे तळं काही नुसतं मौजेचं नाही.

आता स्ट्रायपरकडे येऊ. चंदेरी अंग आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. मूळचा हा अटलांटिक किनाऱ्याचा मासा. राहायचा समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढायचा. 1940 च्या दशकात साउथ कॅरोलिनात सँटी-कूपरची धरणं झाली, तेव्हा वर अडकलेले स्ट्रायपर गोड्या पाण्यात मजेत जगतात असं लक्षात आलं. मग ठिकठिकाणच्या तळ्यांत त्यांची पिल्लं सोडणं सुरू झालं. लॅनियरमध्येही जॉर्जियाचा वन्यजीव विभाग पिल्लं सोडतो, कारण इथे त्यांची वीण होत नाही. या माशाची अंडी फुटेपर्यंत साधारण दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. तळ्याच्या स्थिर पाण्यात ती तळाशी जातात आणि मरतात. तरीही वसंतात मोठे मासे सवयीने नदीच्या तोंडाकडे चढतातच! बाहेरून आला, इथे धष्टपुष्ट झाला, पण जुनी वाट काही विसरला नाही. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणांना हे ओळखीचं वाटेल.

मला ही सगळी माहिती दिली ती आमच्या शेजारच्या आजोबांनी. वय सत्तरीच्या पुढे, सोळा फुटांची साधी ॲल्युमिनियमची बोट, आणि या तळ्यावर तीस वर्षांचा वावर. माझा दहा वर्षांचा मुलगा त्यांचा चेला. दिवाळीच्या सुमारास पाणी गार झालं की स्ट्रायपर वर येतात आणि सकाळी पृष्ठभागावर हेरिंगच्या थव्यांवर तुटून पडतात. थंडीत आजोबा पाण्याकडे कमी आणि आकाशाकडे जास्त बघतात. कुरव पक्षी जिथे घिरट्या घालून सूर मारतात, तिथे खाली हेरिंग आणि त्यांच्या मागे स्ट्रायपर असतात. उन्हाळ्यात मात्र काम वेगळं. वरचं पाणी तापतं, म्हणून मासा खोल गार थरात जातो. मग जड शिसं लावून दोर सरळ खाली सोडायचा, टोकाला जिवंत हेरिंग, आणि फिश फाइंडरवर बघून नेमक्या खोलीवर थांबवायचा. तीस फूट, साठ फूट, कधी त्याहून खाली.

इथेच खरी अडचण सुरू होते. उन्हाळ्याच्या शेवटी तळाशी असलेल्या गार पाण्यातला प्राणवायू संपत जातो. वर ऊन, खाली गुदमर. स्ट्रायपरला सोसेल असा थर मधल्या मध्ये बारीक होत जातो आणि मासा धरणाजवळच्या खोल, मोकळ्या पाण्याकडे जमा होतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या बोटींनाही नेमकं तेच खोल, मोकळं पाणी हवं असतं. थंडीत मासेमार आणि मौजेच्या बोटी एकमेकांना भेटतही नाहीत. उन्हाळ्यात दोघांना एकच जागा लागते.

आजोबा म्हणतात, बोटी पूर्वीही होत्याच. आधी मासेमार जेट स्कीच्या नावाने बोटं मोडायचे, मग पॉन्टूनच्या. 2020 च्या साथीत लोकांना घराबाहेर पडायला पाणी तेवढं उरलं आणि देशभर बोटींची विक्री वाढली. आता भर पडली आहे ती वेक बोटींची. या बोटीच्या पोटात टाक्या असतात. त्यांत पाणी भरून ती मुद्दाम जड करतात, मोठ्या बोटींत हजार किलोंहूनही जास्त पाणी मावतं. मग मागचा भाग दाबून ताशी दहा-बारा मैलांनी चालवली की मागे भली मोठी लाट उठते आणि त्यावर फळी घेऊन उभं राहता येतं. खेळ छानच आहे, मुलांना आवडतो. पण खेळणारा पुढे निघून जातो आणि लाट मागे राहते. ती काठ खाते, बांधलेल्या बोटी धक्क्यावर आपटवते आणि सोळा फुटांच्या बोटीत शिरते.

यंदा जुलैतल्या एका रविवारी तेच झालं. आजोबा आणि माझा मुलगा सकाळी दोर सोडून बसले होते, मी मागे थर्मास घेऊन. एक वेक बोट आमच्यापासून जेमतेम पन्नास-साठ फुटांवरून गेली. पहिली लाट नाकावरून आत आली, दुसरीने बोट आडवी केली. हेरिंगची टाकी उलटली, मुलगा बाकावरून खाली आपटला. लाइफ जॅकेट होतं म्हणून छातीला नुसता मुका मार लागला. आजोबांनी इंजिन सुरू करून बोटीचं नाक लाटेकडे वळवलं, नाहीतर तिसरी लाट आम्हाला घेऊन गेली असती. आणि पुढे गेलेल्या त्या बोटीवर जोरात 'झिंगाट' वाजत होतं.

आजोबांना भाषा कळली नाही. त्यांनी सहज विचारलं, "हे गाणं तुमच्याकडचं ना? दिवाळीत तुमच्या घरी ऐकलंय." मी हो म्हटलं. ते त्यापुढे एक शब्द बोलले नाहीत, टाकीतले सांडलेले मासे गोळा करत राहिले. त्या बोटीवर कोण होतं हे मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. हा अंक त्यांच्या घरी नक्की जाणार, एवढं पुरे.

त्या दिवशी मला उजनी आठवली. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथे वारा होता, त्याला कोण काय सांगणार? इथली लाट माणूस करतो, म्हणून ती थांबवताही येते.

शाळेत शिकवायची सवय जात नाही, तेव्हा नियम सांगतेच. जॉर्जियात दुसरी बोट, धक्का, काठ किंवा पाण्यातला माणूस शंभर फुटांच्या आत असेल, तर बोट अगदी हळू, लाट न उठवता न्यावी लागते. तेरा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालायलाच हवं. जेट स्कीवर ते सगळ्यांनाच सक्तीचं, आणि सूर्य मावळल्यावर जेट स्की बंद. 1 जानेवारी 1998 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला मोटारबोट चालवायची तर अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, म्हणजे आपली कॉलेजला जाणारी मुलं त्यात आली. दारूची मर्यादा गाडीसारखीच, 0.08. आणि नियमाच्या पलीकडे एक समज हवी. वेक बोटीची लाट शंभर फुटांवर विरत नाही. थांबलेली लहान बोट दिसली, काठ्या बाहेर आलेल्या दिसल्या, की लांबून वळा.

मासेमारांनाही पथ्यं आहेत. सोळा वर्षांपासून पुढे परवाना लागतो. दिवसाला पंधरा मासे चालतात, पण त्यात 22 इंच किंवा त्याहून मोठे दोनच. आजोबांचा त्यावर स्वतःचा एक नियम आहे. उन्हाळ्यात खोलातून वर ओढलेला स्ट्रायपर पाण्यात सोडला तरी बहुधा जगत नाही. म्हणून हवे तेवढे मिळाले की ते दोर गुंडाळतात. 'पकडून सोडू, फोटो काढू' हा खेळ ऑगस्टमध्ये खेळायचा नाही.

स्वयंपाकाचं विचारणाऱ्यांसाठी : तुकड्यांच्या कातडीकडच्या बाजूला गडद लाल मांस असतं, ते सुरीने काढून टाका, वास जातो. मग हळद, मीठ, लसूण, आमचं सोलापुरी काळं तिखट, रव्यात घोळवा आणि तव्यावर परता. भिगवणच्या चिलापीची सर नाही, पण जवळपास जातो. मासा किती वेळा खावा याचा सल्ला राज्य सरकार दरवर्षी तळ्यानुसार छापतं, घरात लहान मुलं असतील तर तो जरूर बघा.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या उन्हाळी सहलीत बोटी घेणारच असाल, तर चालवणाऱ्यांची नावं आधी ठरवा, त्यांना अर्धा तास नियम समजावून द्या, आणि लहान मुलांची जॅकेटं घरून मापाची आणायला सांगा. भाड्याच्या बोटीतली नेहमी मोठी होतात. हा अर्धा तास शिकवायची जबाबदारी मी घेते. खडू-फळा नको, एक जॅकेट आणि एक दोर पुरेल. आजोबांनाही विचारलं आहे. ते यायला तयार आहेत, फक्त फराळात चकली हवी म्हणाले.