‘एक दिवस चालतो’चा हिशेब

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत खाद्यपदार्थांतील तेल-साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्याची सूचना केल्याचे जाहीर झाले आणि एकच गदारोळ उडाला. समोसा-जिलेबीवर आता सिगारेटच्या पाकिटासारखा धोक्याचा इशारा येणार, असे वृत्त पसरले. अखेर तसा काही विचार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. वाद विरला, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तसाच राहिला. एरवी पथ्य सांभाळणाऱ्याने कधीतरी मनसोक्त खाल्ले, तर बिघडते काय?

या प्रश्नाचे एक सोयीस्कर उत्तर व्यायामशाळांतून केव्हाच रूढ झाले आहे. सहा दिवस पथ्य आणि सातव्या दिवशी पूर्ण मुभा. त्याला ‘चीट डे’ म्हणतात. मनाला विरंगुळा मिळतो एवढाच दावा असता, तर त्यावर वाद घालण्याचे कारण नव्हते. परंतु या एका दिवसाने मंदावलेली चयापचय क्रिया पुन्हा वेग घेते आणि वजन उलट लवकर उतरते, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. हा दावा तपासून घेणे आवश्यक आहे.

त्याचा आधार अगदीच काल्पनिक नाही. चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. आहार घटविताच लेप्टिनची पातळी घसरते, भूक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून वापरू लागते. मग एक दिवस भरपूर खाल्ले तर ही पातळी वर येईल, हा तर्क ओघानेच आला. स्वित्झर्लंडमधील लोसान येथे २००० साली झालेल्या एका अभ्यासात दहा निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के अधिक आहार देण्यात आला. हा वाढीव आहार पिष्टमय पदार्थांचा होता, तेव्हा लेप्टिन २८ टक्क्यांनी वाढले आणि ऊर्जेचा खर्च ७ टक्क्यांनी. म्हणजे ४० रुपये जास्तीचे जमा झाले आणि त्यातले सातच खर्ची पडले! वाढीव आहार स्निग्ध पदार्थांचा होता, तेव्हा तर तेवढाही परिणाम दिसला नाही. आपल्याकडची मेजवानी तेल-तुपाशिवाय होत नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

दुसरा आधार ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाच्या नुआला बर्न आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा दिला जातो. ५१ स्थूल पुरुषांपैकी काहींनी सलग १६ आठवडे आहार एक तृतीयांशाने कमी केला. इतरांनी तेवढेच आठवडे पथ्य पाळले, परंतु दोन आठवडे पथ्य आणि दोन आठवडे विश्रांती अशा टप्प्यांनी. विश्रांती घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४ किलोंनी उतरले, सलग पथ्य करणाऱ्यांचे ९ किलोंनी. आकडे भुरळ घालणारे आहेत. मात्र त्या विश्रांतीच्या काळात कोणी श्रीखंड-पुरीवर ताव मारत नव्हते. वजन स्थिर राहील एवढाच मोजून-मापून आहार त्यांना दिला जात होता. शिवाय पुढे झालेल्या अशा सर्वच प्रयोगांत हा लाभ आढळला नाही. तेव्हा या अभ्यासाच्या बळावर रविवारची चैन समर्थनीय ठरविणे म्हणजे दुसऱ्याच्या दाखल्यावर स्वतःचा प्रवेश घेण्यासारखे आहे.

आता साधा हिशेब मांडून पाहू. दररोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी घेणाऱ्याची सहा दिवसांत ३००० कॅलरींची तूट होते. रविवारी सकाळी फरसाण घातलेली मिसळ, दुपारी श्रीखंड-पुरी, संध्याकाळी दोन वडापाव आणि रात्री हॉटेलातले जेवण झाले, तर दिवसाच्या गरजेपेक्षा दीड-दोन हजार कॅलरी सहज जादा होतात. एका वडापावाच्याच सुमारे ३०० धरायला हव्यात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. म्हणजे आठवडाभराच्या कष्टाचे फळ उरते जेमतेम १३० ते २०० ग्रॅम. याउलट, त्या रविवारी एकच जेवण मनाजोगते केले आणि दिवसाचा जमाखर्च ५०० कॅलरींनी वर गेला, तर सव्वातीनशे ग्रॅम पदरात पडतात. मनसोक्त जेवण आणि मनसोक्त दिवस यांत हे एवढे अंतर आहे.

सोमवारी सकाळी वजनकाट्यावर दीड किलो वाढ दिसली, म्हणून हाय खाण्याचे मात्र कारण नाही. पिष्टमय पदार्थ शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. मिठानेही पाणी साचते. हे वजन दोन-चार दिवसांत उतरते. धोका आहे तो त्या आकड्याने खचून पथ्यच सोडून देण्याचा. मानसशास्त्रज्ञ हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले होते, की खाण्यावर सतत निर्बंध घालणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर नंतर समोर आलेले आइस्क्रीम ते कमी नव्हे, जास्तच खातात. पथ्य मोडलेच आहे, मग आता कशाला आवरायचे, ही ती वृत्ती. ‘चीट’ या शब्दातच फसवणूक आहे, गुन्ह्याची भावना आहे. आधी ठरवून खाल्लेल्या पुरणपोळीला ते नाव देण्याची गरज काय?

अमेरिकेत वजन घटवून ते टिकविणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही १९९४ पासून ठेवली जाते. तिच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की आठवडाभर सारखाच आहार ठेवणाऱ्यांना पुढील वर्षभर वजन पाच पौंडांच्या मर्यादेत राखण्याची शक्यता, सुटीच्या दिवशी सैल सोडणाऱ्यांपेक्षा दीडपट होती. हा पुरावा चैनीच्या विरोधात जातो, हे मान्य करायलाच हवे. आणि तो केवळ सवयीच्या चैनीबद्दल नाही. सणासुदीला अधिक मोकळीक घेणाऱ्यांतही वजन पुन्हा वाढण्याचा धोका जास्त आढळला.

आणि खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे ‘प्रसंग’ या शब्दाचा अर्थच मुळी समारंभ. लग्नसराई, मुंज, डोहाळजेवण, कार्यालयातला वाढदिवसाचा केक, श्रावणातले सण, गणपतीचे मोदक, यांपैकी प्रत्येक प्रसंग प्रासंगिकच असतो. मात्र सगळे मिळून पंचांग भरून जाते. उपवासाचीही गत निराळी नाही. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट, तूप, बटाट्याचे वेफर्स हे सारे पाहता ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या पूर्वजांना कॅलरीचे कोष्टक ठाऊक असण्याची गरज नव्हती. दर रविवारची मुभा या साऱ्याच्या वर आणखी एक भर ठरते. ती घ्यायचीच असेल, तर त्या आठवड्यातले लग्नाचे जेवण तिच्यातूनच वळते करावे लागेल.

मधुमेहींसाठी हा हिशेब वेगळा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तर पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्या प्रौढांचे प्रमाण ३९.५ टक्के आहे. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने आठवड्यातून एकदा साखरेचा डोंगर रिचविला, तर त्याची भरपाई सहा दिवसांच्या पथ्याने होत नाही. रक्तातील साखर त्याच दिवशी वर जाते. त्यांनी जेवणातला असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा आणि तोही एका वाटीपुरता.