पोटातला गॅस आणि मनातला संकोच

गेल्या रमजानची गोष्ट. पहिल्या चार-पाच तरावीह जमाअतने पढल्यावर अब्बांनी मशिदीत जाणे बंद केले. विचारले तर म्हणाले, "गुडघा दुखतो." आम्हाला ते खरे वाटले. मग एके दिवशी अम्मींनी हळूच खरे कारण सांगितले. इफ्तारनंतर अब्बांचे पोट फुगायचे. सफमध्ये उभे राहिले की वुजू तुटायचा. लोकांमधून वाट काढत पुन्हा पुन्हा वुजूखान्यात जाणे त्यांना जड जायचे. सत्तरीचा माणूस लाजेपोटी जमाअत सोडून घरी बसला होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

आपल्या घरांत डोकेदुखी बोलली जाते, गॅस बोलला जात नाही. कोणी बोललेच तर मुले हसतात. वारा सरला म्हणून कोणाला हसू नये, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे, हे मुलांना घरातच सांगायला हवे. निरोगी माणसाचाही दिवसातून साधारण 10 ते 20 वेळा वारा सरतो. हा आजार नाही, शरीराचे रोजचे काम आहे.

हा गॅस येतो दोन वाटांनी. एक, आपण गिळलेली हवा. घाईघाईने जेवणे, घास तोंडात असताना बोलणे, कवळी सैल असणे, च्युइंगम चघळणे, यातून हवा पोटात जाते. कोल्ड्रिंक आणि सोड्यातून तर तयार गॅसच जातो. दुसरी वाट मोठ्या आतड्यात आहे. चणे, राजमा, वाल, वाटाणे यांतील काही शर्करा पचवणारे पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात नसते. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस तयार होतो. कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर यांचेही थोडेफार असेच. मोठेपणी अनेकांना दुधातली साखर नीट पचत नाही. त्यांना ग्लासभर दूध पिताच पोट गुडगुडते, दही मात्र बहुधा चालते. बद्धकोष्ठ असेल तर हा सगळा त्रास वाढतो.

आता आपला इफ्तारचा दस्तरखान आठवा. दिवसभर रिकामे असलेले पोट आणि समोर भजी, समोसे, चणे, थंड सोडा, फालुदा. मगरिबची जमाअत चुकू नये म्हणून सगळे दहा मिनिटांत पोटात. वर भरपेट जेवण, आणि लगेच तरावीह. अब्बांचे नेमके हेच होत होते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण रोज्याच्या महिन्यातच विसरतो.

आम्ही अब्बांना वही दिली. काय खाल्ले, किती वाजता, त्रास केव्हा झाला, एवढेच लिहायचे. आठवड्याभरात दोन गोष्टी दिसल्या: चणे आणि फालुद्यातले दूध. दोन्ही एकदम बंद केले नाही, कारण मग कशामुळे फरक पडला ते कळत नाही. आधी दूध बंद केले. नंतर चणे रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात मऊ शिजवून थोडेसेच दिले. इफ्तार खजूर, पाणी आणि थोड्या फळावर. मगरिबनंतर सावकाश जेवण. मग अंगणात दहा-पंधरा मिनिटे शतपावली. ओवा, बडीशेप, हिंग घरात असतातच. त्यांनी बऱ्याच जणांना बरे वाटते. मात्र रोज सोड्याची पूड पाण्यात टाकून पिण्याची सवय लावू नये. तिच्यात सोडियम भरपूर असते, आणि ब्लडप्रेशर किंवा किडनीच्या रुग्णाला ते त्रासाचे ठरते. इसबगोल सुरू करायचे तर थोड्यापासून आणि पुरेशा पाण्यासोबत, नाहीतर सुरुवातीला गॅस वाढतो.

शुगरच्या रुग्णांनी एक ध्यानात ठेवावे. मेटफॉर्मिन, अकार्बोज, व्होग्लिबोज या औषधांनी काहींना गॅस होतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. रोजे धरणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळाही त्यांनाच विचाराव्यात.

वुजूबद्दल अब्बांच्या मनात वहमही बसला होता. पोटात नुसते गुडगुडले तरी ते सफ सोडून निघायचे. इमामसाहेबांनी समजावले की केवळ शंकेने वुजू तुटत नाही, खात्री असावी लागते. आणि ज्याला खरोखरच नमाजपुरताही वुजू टिकवता येत नाही, अशा माजूर व्यक्तीसाठी शरिअतमध्ये सवलत आहे. तिचे तपशील हनफी आणि शाफई मसलकात वेगळे आहेत, म्हणून आपल्या आलिमांना विचारावे. विचारण्यात लाज कसली?

पण प्रत्येक त्रासाला "गॅस असेल" म्हणणे धोक्याचे आहे. छातीत दाब, घाम, दम लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असे काही झाले तर ओवा शोधत बसू नका. 108 ला फोन करा आणि लगेच दवाखाना गाठा. शुगर असणाऱ्यांना आणि स्त्रियांना हार्ट अटॅकमध्ये छातीत फारसे न दुखता नुसती मळमळ, अस्वस्थताही होऊ शकते. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, सतत उलट्या, पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही बंद होणे, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

शेवटच्या अशऱ्यात अब्बा पुन्हा तरावीहला गेले. सफच्या कडेला, दाराजवळची जागा धरली, म्हणजे उठावे लागले तरी कोणाला त्रास नको. एक-दोनदा उठलेही, वुजू करून परत आले. कोणी वळून पाहिले नाही.

आपल्या घरातले कोणी वडीलधारे अलीकडे दावतीला जायचे टाळत असतील, मशिदीत जायचे टाळत असतील, ताटावरून अर्धवट उठत असतील, तर गुडघ्याच्या कारणावर समाधान मानू नका. जवळ बसा, हळू आवाजात विचारा. अल्लाह सर्वांना आरोग्य देवो. आमीन.