पुस्तक मिटल्यावर काय उरते?

गेल्या पंधरवड्यात रामनगरहून एका ताईंचे पत्र आले. मुलगा दहावीला आहे. त्यांनी लिहिले होते, "सर, एका शिबिरात मुलाकडून प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि तुमचा मुलगा बघून शिकणारा आहे, ऐकून त्याच्या डोक्यात काही जात नाही, असे सांगितले. तेव्हापासून तो वर्गात नीट बसत नाही. 'ऐकून मला येतच नाही' म्हणतो. आमच्याकडे चित्रांची पुस्तके नाहीत, मोबाईलला रेंज नाही. मी स्वतः चौथी शिकलेली. याचा अभ्यास मी कसा घेऊ?"

हे एका घरापुरते असते तर मी त्यांना परस्पर उत्तर धाडले असते. पण जोयडा तालुक्यात हा प्रश्न घरोघरी आहे, आणि त्याचे दोन भाग आहेत. एक, त्या शिक्क्याचे काय करायचे? दुसरा, शिकवणी नाही, रेंज नाही, घरात शिकलेले कोणी नाही, अशा मुलाने अभ्यास करायचा कसा?

आधी शिक्क्याचे पाहू. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे, हाताने करून शिकणारे अशी मुलांची वाटणी नील फ्लेमिंग यांनी न्यूझीलंडमध्ये मांडली. कॉलीन मिल्स यांच्यासोबत त्यांनी ती १९९२ साली प्रसिद्ध केली आणि पुढे ती जगभरच्या शिबिरांत फिरली. ऐकायला ती अगदी पटते. पण २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे संशोधन एकत्र करून तपासले. मुलाच्या प्रकाराप्रमाणे शिकवले म्हणजे तो जास्त शिकतो, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. आवड प्रत्येकाची वेगळी असते, हे खरे. कुणाला चित्र आवडते, कुणाला गोष्ट. पण आवडते तेवढेच डोक्यात शिरते, हे खरे नाही.

साधा विचार करा. काळी नदीचा उगम आणि तिचा प्रवास नकाशा पाहिल्याशिवाय कळणार नाही, मग मूल कोणत्याही प्रकारचे असो. कविता म्हटल्या-ऐकल्याशिवाय तिची लय कळत नाही. लिटमसचा कागद हातात घेऊन आम्लात बुडवला की तो धडा आयुष्यभर विसरत नाही. काय बघायचे, काय ऐकायचे आणि काय हाताने करायचे, हे विषय ठरवतो. तेव्हा ताई, मुलाच्या कपाळावरचा तो शिक्का पहिल्यांदा पुसून टाका. कान सर्वांना आहेत आणि वर्गात शिक्षक बोलतात ते त्याच्यासाठीही बोलतात.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

आपली मुले अभ्यास करतात म्हणजे काय करतात? धडा वाचतात, पुन्हा वाचतात, रंगीत पेनाने ओळी रंगवतात. तिसऱ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि मूल म्हणते, "आले मला." पेपर समोर आला की पान डोळ्यांसमोर दिसते, पण त्यावरचे शब्द दिसत नाहीत. ओळखीचा माणूस बाजारात भेटावा आणि नाव आठवू नये, तसे होते.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी अमेरिकेत एक सोपा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. दुसरा उतारा एकदा वाचायला दिला आणि मग तो मिटून जेवढे आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली त्यांच्याकडे दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिलेल्यातले ५६. आपल्या मुलाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते. ती महिन्यांनी असते.

२०१३ साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. ओळी रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे या तळाला गेल्या. स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांवर वाटून घेणे या दोन सर्वांत वर आल्या. या दोहोंना एक पैसाही लागत नाही. आपल्या तालुक्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून नियम एवढाच. धडा एकदा नीट समजून वाचायचा. पुस्तक मिटायचे. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे. मग पुस्तक उघडून काय राहिले ते पाहायचे आणि राहिलेले तेवढेच पुन्हा वाचायचे. पहिले काही दिवस मुलाला फार अवघड जाईल. "मला काहीच येत नाही" म्हणून ते हिरमुसेल. तेव्हा त्याला सांगा, आठवताना जो ताण पडतो ना, तोच अभ्यास. नांगर जड लागतो तिथेच जमीन उलटते.

एका रात्रीत नाही, चार दिवसांत

विसरण्याचा अभ्यास हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने स्वतःवर केला आणि १८८५ साली प्रसिद्ध केला. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचे, असा त्याचा उद्योग. त्याला दिसले ते असे, की विसरणे सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होते, मग मंदावते. आणि एकाच बैठकीत पुष्कळदा घोकण्यापेक्षा तीच मेहनत अनेक दिवसांवर वाटली तर ती कमी पुरते आणि जास्त टिकते.

आपल्याकडे याला उजळणी म्हणतात. आमच्या पिढीत पाढे रोज संध्याकाळी म्हणावेच लागत. बे एके बे पासून पावकी-निमकीपर्यंत. त्यात कंटाळा होता, पण शहाणपणही होते. रोज थोडे, पुस्तक न पाहता, मोठ्याने. पाठांतराला हल्ली सरसकट नावे ठेवतात, ते मला पटत नाही. पाढे आणि सूत्रे तोंडपाठ असली की डोके गणिताच्या विचाराला मोकळे राहते. वाईट आहे ती न समजता केलेली घोकंपट्टी.

आज शिकलेला धडा उद्या आठवायचा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला प्रश्न, पाठीमागे उत्तर. आले ती चिठ्ठी मागच्या डब्यात, न आलेली पुढच्या डब्यात. पुढचा डबा रोज, मागचा आठवड्याला. चप्पल-बुटांची दोन खोकी पुरतात.

कंदांची शिकवण

तिसरी गोष्ट सांगताना मला आपल्या कुणबी आयाबहिणींची आठवण येते. जोयड्याचे कुणबी कंदमुळांसाठी प्रसिद्ध आहेत. मुडली, कोन, कणगी, सुरण अशी कितीतरी. कंदांच्या मेळ्यात ढीग मांडून बसलेल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, वेलाच्या पानावरून खालचा कंद कुठला ते ती सांगेल. ती हे कशी शिकली? आठवडाभर फक्त कोन आणि पुढचा आठवडाभर फक्त कणगी, अशी नाही शिकली. परसात आणि रानात सगळे वेल एकमेकांत मिसळलेलेच असतात. प्रत्येक वेळी हा कोणता, असा प्रश्न पडला आणि त्यातून नजर तयार झाली.

गणिताचेही तसेच. मुले एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवतात. पाचव्यानंतर विचार करावाच लागत नाही, हात आपोआप चालतो. २००७ साली रोहरर आणि टेलर यांनी विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एकाच प्रकारची उदाहरणे ओळीने सोडवणाऱ्यांना सरावात जास्त गुण मिळाले. पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत त्यांना सरासरी २० टक्के आणि मिसळून सोडवणाऱ्यांना ६३ टक्के. दहावीच्या पेपरात शंकू, गोल, वृत्तचिती यांचा प्रकार वर लिहून देत नाहीत. तो ओळखणे हीच अर्धी परीक्षा. म्हणून प्रकार समजला की तीन-चार धड्यांतली उदाहरणे मिसळून सोडवायची.

ऐकणारे माणूस हवे

आता ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. चौथी शिकलेल्या आईने काय करायचे?

आपल्या तालुक्यातली मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी किंवा कन्नड, आणि इंग्रजी वेगळीच. ज्याला मराठी माध्यमात प्रकाशसंश्लेषण म्हणतात त्याला कन्नड माध्यमात द्युतिसंश्लेषणे म्हणतात, आणि दोन्ही शब्द मूल अर्थ न कळता पाठ करू शकते. पण "झाड उजेडात आपले जेवण कसे करते ते सांग" असे आईने घरच्या बोलीत विचारले, की शब्द लपायला जागा राहत नाही. समजले असेल तरच सांगता येते. सांगताना मूल जिथे अडखळते, तिथे त्याचा अभ्यास कच्चा आहे. ते त्याने उद्या शिक्षकांना विचारायचे.

यासाठी आईला प्रकाशसंश्लेषण यावे लागत नाही. भाकऱ्या थापता थापता "आज शाळेत काय झाले? मला समजेल असे सांग" एवढे म्हणायचे आणि मध्ये मध्ये "का बरे?" विचारायचे. आजोबा-आजीही चालतील. शहरात लोक पैसे मोजून शिकवणीला घालतात, तिथेही पुष्कळदा शिक्षकच बोलतो आणि मूल ऐकत राहते. घरी मात्र मुलाला बोलायला मिळते. न शिकलेल्या पालकांनी "आम्हाला काय कळते" म्हणून बाजूला बसू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

२०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा सरकारने विद्यागम योजना काढली आणि शिक्षक गावात जाऊन झाडाखाली, देवळाच्या ओसरीवर शिकवू लागले. ती योजना थोडेच महिने चालली. पण समोरासमोर बोलणारे आणि ऐकणारे माणूस असले की इमारतीवाचूनही थोडेफार शिकता येते, एवढे तिने दाखवले.

वाट आणि झोप

आपला तालुका सगळा जंगलाचा. २०११ च्या जनगणनेत एवढ्या मोठ्या तालुक्यात लोकसंख्या जेमतेम ५० हजारांच्या आसपास. मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचा. धरणात सुपा गाव गेले आणि माणसे विखुरली. शाळा दूर, बस मोजक्या. मुलाचा दिवसातला बराच वेळ वाटेत जातो, याचे आपण नेहमी दुःख करतो. ते खरेच आहे आणि त्याची तक्रार योग्य ठिकाणी केलीच पाहिजे. पण तोपर्यंत ती वाट वापरता येईल. पुस्तक पिशवीतच ठेवायचे. चार मुलांनी मिळून चालताना एकमेकांना प्रश्न विचारायचे. कालच्या विज्ञानातले तीन, गेल्या आठवड्याच्या इतिहासातले दोन. जंगलाच्या वाटेवर घोळक्याने, मोठ्याने बोलत जावे असे जुनी माणसे सांगतातच.

आणि झोप. परीक्षा जवळ आली की मुले रात्र रात्र जागतात आणि पालकांना त्याचा अभिमान वाटतो. पाठ केल्यावर झोपणाऱ्याला जागे राहणाऱ्यापेक्षा जास्त आठवते, असे १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख यांच्या प्रयोगात दिसले आणि पुढच्या संशोधनाने त्याला बळ दिले. रात्री दहाला दिवा मालवा. झोपण्याआधी दहा मिनिटे दिवसभराचे डोळे मिटून आठवायचे, बस्स.

एक धीराची गोष्टही सांगतो. कर्नाटकात दहावीला त्याच वर्षी पुन्हा परीक्षेला बसायची सोय आहे. तेव्हा पहिल्या निकालावर "तुला जमत नाही, गोव्याला कामाला जा" असा निवाडा घरात कुणी देऊ नये. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नको. एका पेपरावरून शिक्षण सुटलेली किती हुशार मुले मी या तालुक्यात पाहिली आहेत.

पालकहो, आज संध्याकाळी मुलाला "अभ्यास कर" म्हणू नका. त्याच्या हातातले पुस्तक घ्या, मिटा, मांडीवर ठेवा आणि म्हणा, "आता सांग." आणि मग निवांत ऐका.